शेवटच्या गोळीनंतरची गोळी

वरसे गावातल्या ज्यू सिपोराआजीचा टीबी पूर्ण बरा झाला. आजीच्या मते मात्र असं काहीही घडलेलं नाही. सहा महिने सरकारी दवाखान्याची आशाताई रोज यायची, “आ कर गो आजी,” म्हणत गोळी गिळेपर्यंत समोर बसायची आणि चहा पिऊनच उठायची. मुलं इस्राएलला गेल्यापासून आजीच्या दारात दुसरं कोणी येत नव्हतं. आज आशाताईने उपचाराच्या कार्डावर शेवटची खूण केली. आजी लगेच खोकली. “नाटकं नको करू, थुंकीचा रिपोर्ट साफ हाय!” आशाताई म्हणाली. “त्या मशीनला काय कळतंय गो?” आशाताई चपला घालून निघाली, दारातूनच परत फिरली. पिशवीतून लिमलेटची गोळी काढली. “आ कर.” आजीने ती मुद्दाम सावकाश चघळली. मग आशाताईच्याच पेनाने कार्डामागे लिहिलं: माननीय वैद्यकीय अधिकारी, सदर रुग्णास आणखी सहा महिने आजारी राहण्याची मंजुरी मिळावी, ही नम्र विनंती.