निवांतबाईंची चौकशी

“स्वयंपाकघरात सकाळचं ऊन येतं का?”

मोबाईलवरचा प्रश्न वाचून एजंटने कपाळावर हात मारला. एक खोली आणि स्वयंपाकघर, भाड्याने द्यायचं एवढंसं घर. आणि ही बाई जणू राजवाडा विकत घेत होती. काल तिने नळाला पाणी कधी येतं ते विचारलं होतं. परवा, खाली गाड्यांचा गोंगाट असतो का. त्याच्या आदल्या दिवशी, जिन्याला कठडा आहे का.

घरांच्या जाहिरातींची ती वेबसाइट त्याने नाइलाजाने धरली होती. पूर्वी कोपऱ्यावरच्या दुकानदाराच्या कानावर घातलं की गिऱ्हाईक चालत यायचं. आता लोक पलंगावर लोळत पन्नास स्वयंपाकघरं बघतात आणि मग याला फोन करतात. साइटवर नसलेला एजंट त्यांच्या लेखी मेलेला. वर साइटचा नियम असा, की विचारलेल्याला उत्तर दिलं नाही तर तुमची घरं मागे ढकलली जाणार. मागच्या पानावर गेलेल्या घराकडे कुत्रंसुद्धा फिरकत नाही, हे तो एकदा भोगून चुकला होता.

म्हणून त्याने दातओठ खात लिहिलं, “हो मॅडम, भरपूर ऊन.”

साइटवर तिने नाव म्हणून ‘निवांत’ एवढंच टाकलं होतं. फोटो नाही, फोन नंबर नाही. “एकटीच राहणार आहे,” इतकीच काय ती माहिती.

“ही बाईच नाही,” जेवताना तो बायकोला म्हणाला. “समोरच्या गल्लीतला तो दुसरा एजंट आहे. बाईचं सोंग घेऊन माझा जीव खातोय. खरं गिऱ्हाईक इतकं विचारतं का?”

“एकटीने राहायचं म्हणजे विचारणारच,” बायको म्हणाली. “सुखी आहे बाई. हवं तेव्हा उठायचं, हवं ते शिजवायचं, एकच ताट घासायचं.”

“त्यात कसलं आलंय सुख?”

“मला कुठून कळणार?” बायकोने भांडं जरा जोरातच खाली ठेवलं.

आईने पाण्याचा पेला त्याच्यापुढे सरकवला. “जेव रे आधी. विचारू दे तिला. राहायचं तिला आहे.”

“तू मध्ये पडू नकोस गं. तुला यातलं काही कळत नाही.”

आईने त्याच्या ताटात पोळी वाढली. ती बहुतेक गप्पच असायची. साइटमुळे धंदा वाढला तेव्हा त्याने घरातली आतली खोली कचेरीसाठी घेतली आणि आईचं अंथरूण बाहेरच्या खोलीत आलं. सकाळी गिऱ्हाइकं यायच्या आत ते गुंडाळून कपाटामागे जायचं. आईने कुरकुर केली नाही, त्यामुळे तो विषय तिथेच मिटला होता.

दुसऱ्या दिवशी त्या घराच्या मालकिणीचा फोन आला. “अजून जात नाही म्हणजे काय? फोटो काढून मोकळे झालात! तुम्हाला जमत नसेल तर समोरच्या गल्लीतल्यांना देते.”

तिला गोड बोलून गप्प करतो न करतो, तोच निवांतबाई हजर. “दाराला आतून कडी आहे का?”

“कडी!” तो कचेरीतून ओरडतच बाहेर आला. “कडी नसलेलं दार कुणी बघितलंय का?” बाहेर आई दुपारची जरा आडवी झाली होती. “आई, ऊठ, तासाभरात लोक यायचेत.” ती उठून, मोबाईल कमरेला खोचून उशी आवरू लागली, तेवढ्यात त्याने रागाच्या भरात लिहून टाकलं, “मॅडम, एकदा या आणि डोळ्यांनी बघा. नाहीतर मला मोकळं करा.”

पाठवलं आणि तो कचेरीत परतला. हिने साइटवर तक्रार केली तर? पण खोलीतल्या खोलीत दोन येरझारा घालतो तोच उत्तर आलं. “उद्या सकाळी येते. पत्ता पाठवा.”

सकाळी तो निघाला तेव्हा बायको आरशासमोर केस विंचरत होती. अंगावर ठेवणीतली साडी.

“कुठे दौरा?”

“आहे एक काम,” ती आरशातच बघत म्हणाली.

रिकाम्या घरात पोचून त्याने खिडक्या उघडल्या, ओट्यावरची धूळ रुमालाने झटकली. ऊन खरंच आत येत होतं. नशीब! कडीही वाजवून बघितली. आणि तिथेच, कडीवर हात असताना, त्याला बायकोचं बोलणं आठवलं. सुखी आहे बाई. एकच ताट. ठेवणीतली साडी. आहे एक काम.

त्याने घाईघाईने तिला फोन लावला.

“कुठे आहेस तू?”

“ताईकडे. तिच्या मुलीला बघायला माणसं यायचीत, आठवडाभर सांगतेय. कधी ऐकशील तर ना! का, काय झालं?”

मागून मेहुणीचा आवाज आला, भांड्यांचा आवाज आला. “काही नाही, काही नाही,” तो म्हणाला, आणि फोन ठेवून एकटाच हसला. या बाईने डोक्याचा पार भुगा केला होता. आज घर तिच्या गळ्यात मारायचंच, मग सुटलो, असं त्याने ठरवलं.

बेल वाजली. चेहऱ्यावर धंद्यातलं हसू आणून त्याने दार उघडलं.

दारात आई उभी होती. जिना चढून तिला धाप लागली होती.

“आई? तू इथे कशी?” त्याचं हसू मावळलं आणि सगळा वैताग उसळून वर आला. “आत्ता काही सांगू नकोस. घरी जा बरं आधी. माझं गिऱ्हाईक यायचंय.”

“आलंय,” आई म्हणाली, आणि चपला काढून आत गेली.