साहेबांचा कोट

लेफ्टनंटसाहेबांचा मेंढीच्या कातड्याचा कोट मिळाला, तर शिपाई ताउनोचा जीव वाचणार होता. फिनलंडच्या त्या हिवाळी युद्धात सरकारनं त्याला टोपीवरचा बिल्ला आणि कमरपट्टा दिला. बाकी कपडे घरचे. उणे चाळीस अंशांत शेतावरच्या जाकिटात पहारा द्यायचा. “घे रे, पोरा,” म्हणत साहेबांनी कोट देऊन त्याचं जाकीट स्वतः चढवलं. कोटाच्या छातीवर ताजं ठिगळ होतं. “हे कशानं, साहेब?” “उंदरानं कुरतडलं.” साहेब गेल्यावर म्हातारा हवालदार खेकसला, “उंदीर रशियन होता, गाढवा! कोट बघूनच पलीकडचा नेमबाज अधिकाऱ्यांना टिपतो. आधीचे साहेब त्यातच गेले. काढ!” ताउनोनं गुंड्या लावल्या. “काका, गोळीचा नेम चुकतो, थंडीचा नाही.” दुपारी एकच गोळी आली. संध्याकाळी साहेबांनी त्याच्या आईला लिहिलं, ‘मुलाला शेवटपर्यंत थंडी वाजली नाही.’ त्यात एकही अक्षर खोटं नव्हतं.