चौघांचं ठरलं होतं

"वाकू नको वं, सरळ उभी राहा," देवाजी म्हणाले आणि बॅगेचा पट्टा त्यांनी मायाच्या कमरेवर ओढून बसवला.

"बॅग तुमची अन् उभी मी काहून, बाबा?"

"मले माही पाठ दिसते का? सांग, कुठं लागते?"

"डाव्या खांद्याले."

त्यांनी डावा पट्टा बोटभर सैल केला.

नागपूरच्या इंदोऱ्यातल्या त्या तिसऱ्या मजल्यावर कित्येक दिवस हेच चाललं होतं. कुमाऊँच्या डोंगरांतून महिनाभराची पायपीट. देवाजींचे मित्र भैयाजी, त्यांची बायको शामला, मुलगी सोनिका. चौघांचं ठरलं होतं. नवी बॅग अंगाला लागते, ती वापरून मऊ करावी लागते, म्हणून देवाजी तिच्यात गहू भरून रोज जिना चढत-उतरत. सत्तरीला टेकलेला, रक्तदाबाचा माणूस. घरात असली की माया त्यांची पावलं ऐकत बसे. पावलं मध्येच थांबली की उठून दारात येई.

पलंगावर सदर बाजारातून आणलेला रेनकोट पडला होता.

"हा तुम्हाले तोकडा होईल. बदलून आणू?"

"राहू दे. पायात अडकला नाही म्हणजे झालं."

स्वयंपाकघरातून करपल्याचा वास आला. देवाजी लगबगीने गॅस बंद करून आले. त्यांनी खिचडी शिकायला घेतली होती.

"काकू करतील ना वाटेत. तुम्ही कशाले हात भाजून घेता?"

"शामला काय जन्माले पुरते? आपलं आपल्याले आलं पाहिजे."

"ही खिचडी पाहून अस्वल पळून जाईल."

"मग तर चांगलंच आहे."

माया हसली, पण लगेच थांबली. "डॉक्टरनं चालायले सांगितलं होतं, डोंगर चढायले नाही. तिकडं काही झालं तर? मी एकटी काय करू?"

देवाजी पट्ट्याचं टोक आत खोचत राहिले. "एकटं राहता आलं पाहिजे. दोघांनाही."

तिला राग आला. आई गेली तेव्हा पुण्याची नोकरी सोडून ती परत आली होती, ती नागपूर सोडून पुन्हा कुठे गेली नव्हती.

"तुले कधी वाटत नाही, कुठं जावं?" त्यांनी विचारलं.

"तुमची संध्याकाळची गोळी राहिली," ती म्हणाली. खांद्यावरची बॅग काढायला मात्र तिने जरा वेळ लावला.

मग गोळ्यांची पाकिटं तिने बॅगेच्या बाजूच्या खिशात ठेवली. देवाजींनी ती काढून पुन्हा फ्रिजवर ठेवली.

दुसऱ्या दिवशी चहा निवला तरी ते उठले नाहीत. झोपेतच गेले होते.

पुण्यानुमोदनाचा विधी झाला, पाहुणे पांगले. संध्याकाळी भैयाजी आले आणि खुर्चीत बसले. मायाने बॅग आणून त्यांच्या पुढ्यात ठेवली.

"घेऊन जा. त्यांच्या जागी कोणी येत असेल तर त्याले द्या. तुम्हीच चढवलं त्यांना, काका. रोज तो जिना. रोज तो गहू."

भैयाजींनी बॅगेला हात लावला नाही.

"देवाजी कुठं येणार होता वं आमच्यासंगं?"

"म्हणजे?" मायाने विचारलं.

"पहिल्याच दिवशी म्हणाला, डोंगर माह्या छातीले झेपत नाही. चौथी तू होती. मी म्हटलं, अरे, पोरीले विचार तर आधी. तर म्हणे, विचारलं की ती नाहीच म्हणते. मी राहीन एकटा, खिचडी शिकून राहिलो. बॅग तयार करतो अन् गाडीच्या दिवशी तिच्या खांद्यावर देतो."

माया आतल्या खोलीच्या दारात गेली. पलंगावरची गादी गुंडाळून ठेवली होती.

"बाबा," ती मोठ्याने म्हणाली, "मले जायचं होतं."