तंबूची तालीम

"जावईबापू, तुमचा तंबू एक रात्रसुद्धा टिकायचा नाही." सासऱ्यांचं हे बोलणं जावयाच्या फारच जिव्हारी लागलं. त्याने सोफा सरकवून हॉलमध्येच तालीम केली, आणि तंबू असा ताठ उभा राहिला की मोडायचं त्याच्या जिवावर आलं. आठवडाभर घरातले सगळे त्याला वळसा घालून ये-जा करत होते.

जंगलातल्या कॅम्पच्या जागी पोचल्यावर त्याने ऐटीत डिकी उघडली. खुंट्या होत्या, हातोडीसुद्धा होती. तो बराच वेळ डिकीत डोकं घालून उभा राहिला. बायकोने गाडीच्या सीट आडव्या केल्या.

सकाळी, घर राखायला आलेल्या सासऱ्यांचा फोन आला.



"मानलं बुवा तुम्हाला. रात्री तंबूतच झोपलो, जरासुद्धा हलला नाही."