आगीचा प्रसंग
ऑफिसात ती नवीनच होती. नवरा अपघातात गेल्यावर नोकरीला लागलेली, एवढंच सगळ्यांना ठाऊक होतं. जेवणाच्या सुट्टीत सिनेमांच्या पुरस्कारांवरून जुंपली होती. “त्या मारधाडपटाला मिळायलाच हवा. आगीचा प्रसंग आठवा जरा!” कॅशियर हट्टालाच पेटला होता. “काहीतरीच काय! अभिनय कुठे आहे त्यात?” रिसेप्शनवरच्या बाईंनी उडवून लावलं. “मग ती किंकाळी काय आहे?” त्याने मोबाइलवर तोच प्रसंग लावला. “ऐका, अंगावर काटा येतो.” शेजारी जेवत बसलेल्या त्या नवीन बाईचा घास हातातच राहिला. किंकाळी उमटताच तिने मोबाइल पालथा घातला. “काय झालं, ताई?” “हिरोच्या जागी आगीत माझा नवरा उतरला होता. त्याला अभिनय येत नव्हता.” कॅशियरचा चेहरा पांढराफटक पडला. “मग तो प्रसंग त्यांनी पुन्हा नाही घेतला?” “घेणार होते,” ती म्हणाली. “पण पुन्हा ओरडायला तो उरला नव्हता.”