यादीची मागची बाजू

"हार्डनर लागणारा एकही डबा नको," ग्लेनिसनं यादीतली पहिली ओळ वाचली. "याच्याखाली दोन रेघा मारल्यात त्यानं."

"माराव्यातच," रंगाच्या दुकानाच्या काउंटरमागून व्हॅसिली म्हणाला. "पण आज तू कशी? म्हणजे तीस वर्षांत पहिल्यांदा तुमच्या घरातलं कुणीतरी घासाघीस न करता रंग नेणार."

"कीराची सकाळपाळी आहे कारखान्यात. यादी फ्रिजवर लावलेली होती, म्हटलं आपणच जाऊन यावं."

यादी तिच्या नवऱ्याच्या, डेसच्या हातची होती. लेकीसाठी केलेली. कीराला बापाच्या जुन्या मोटरसायकलची टाकी रंगवायची होती, घरच्याच गॅरेजमध्ये. तिथंच डेसनं हौसेखातर निम्म्या पोर्ट केम्ब्ला गावाच्या मोटरसायकलींच्या टाक्यांवर ज्वाळा रंगवल्या होत्या. आता तो गॅरेजच्या दारापर्यंतही जात नाही. नाकात नळी, शेजारी प्राणवायूचं यंत्र. रंग कडक व्हावा म्हणून त्यात मिसळायच्या हार्डनरनं फुप्फुसं खाल्ली, असं डॉक्टरांनी सरळ सांगितलं होतं.

पाण्यात मिसळणारे रंग. निळा, पांढरा, नारिंगी.

स्प्रे गन, बारीक तोंडाची.

हवा बाहेर फेकणारा पंखा. खिडकीत बसवायचा.

मास्क. कीराच्या चेहऱ्यावर घालून बघूनच घ्यायचा. माझा

इथं अक्षर खाली घसरलं होतं. बहुतेक दम लागला असावा. पुढच्या ओळीत परत वर आलं होतं: माझा फेकून द्या.

व्हॅसिली एकेक वस्तू मांडत गेला. मास्क मात्र त्यानं दोन मापांचे दिले. "बसेल तो ठेवा, दुसरा परत. आणि झालं?"

ग्लेनिसनं कागद उलटला. मागं दोन ओळी होत्या.

"डबा," ती मोठ्यानं वाचू लागली. "घट्ट झाकणाचा. काम संपलं की मास्क लगेच त्यात." तिला हसू आलं. "डबा कशाला रे? घामेजलेल्या मास्कला जरा हवा नको लागायला?"

"तीच लागू द्यायची नाही. या गोल फिल्टरात कोळसा असतो. उघडा टांगून ठेवलास, तर गॅरेजातली वाफ तो रात्रंदिवस पीत बसतो. थोड्या दिवसांत भरून जातो. मग तोंडाला लावला काय अन् न लावला काय."

ग्लेनिसनं कागदावरून नजर वर केली. "हो का," म्हणाली.

डेसकडे होता तसा डबा. निळ्या झाकणाचा, मास्कसोबतच आलेला. ग्लेनिस दर रविवारी मास्कचं रबर ओल्या फडक्यानं पुसायची आणि मास्क खिळ्याला अडकवायची. खिळा रंगाच्या डब्यांच्या वर होता, तिथं वारा यायचा. आणि डबा तिनं स्वयंपाकघरात नेला होता. ओट्सच्या बिस्किटांसाठी. इतका चांगला डबा त्या वास मारणाऱ्या वस्तूसाठी कशाला अडवायचा? डेसनंही तेव्हा काही म्हटलं नाही. बिस्किटं मऊ पडत नाहीत, एवढं म्हणाला होता.

सतरा वर्षं. एकही रविवार चुकला नव्हता.

"फिल्टर चांगला असता," तिनं विचारलं, "तर वाचली असती का डेसची फुप्फुसं?"

"छे. हार्डनरला तसला मास्क पुरतच नाही मुळी. नळीतून बाहेरची ताजी हवा घ्यावी लागते. तेव्हा आमच्यापैकी कुणाला एवढं…"

"थोडं तरी अडलं असतं?"

व्हॅसिलीनं धूळ पुसावी तसा पंख्याच्या खोक्यावरून हात फिरवला. खोक्यावर काही नव्हतं.

"थोडं," तो म्हणाला. "थोडं अडलं असतं, ग्लेनिस."

कागदावरची शेवटची ओळ तिनं मनात वाचली.

कीरा, डबा कशाला म्हणून आई विचारेल. धूळ बसू नये म्हणून, एवढंच सांग.

"डबा देऊ ना?" व्हॅसिलीनं विचारलं.

"दे."

घरी डेस टेबलाशी बसून पिशवीतल्या वस्तू बाहेर काढत होता. नारिंगी रंग त्यानं उजेडात धरला. मास्कची रबरी कड बोटानं दाबून पाहिली. "पोरीची हनुवटी," तो म्हणाला, "माझ्यावर गेलीय. मोठाच लागेल." एवढ्या बोलण्यात दोनदा थांबला.

मग पिशवीतून डबा निघाला.

डेसनं डब्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. ग्लेनिस अजून कोटातच उभी होती. यादी तिच्या मुठीत चुरगळलेली होती.

"हा यादीबाहेरचा दिला वाटतं," तो म्हणाला, आणि श्वास घेऊन, "व्हॅसिलीनं."

"हो," ती म्हणाली. "त्यानंच दिला."

"भला माणूस आहे."

डबा बाजूला ठेवायला तो वाकला, तशी नळी त्याच्या कानावरून घसरली. ती नीट करायला ग्लेनिसचा हात सवयीनं पुढं गेला आणि मध्येच थांबला. डेस मान तिच्याकडे कलती करून वाट पाहत राहिला.