पहिला धूर

दुष्काळात बंद पडलेला सहकारी साखर कारखाना आज पुन्हा सुरू होणार होता. केसरबाई सकाळपासून ओट्यावर बसून त्याच्या धुराड्याकडं बघत होती. पूर्वी हंगामाचा पहिला धूर जिला दिसायचा, ती गल्लीभर ओरडायची, "धूर निघला गं!" मग घरोघरी पुरणाची डाळ चुलीवर चढायची. आज दिवस कलला तरी धुराडं कोरडंच होतं.

कारखान्यात केमिस्ट असलेली लेक सिंधू घरी आली, तेव्हा केसरबाई डोळे पुसत होती.

"पुन्हा बंदच पडला ना गं?"

"न्हाई आई, जोरात चालू हाय. आता धूर वर सोडतच न्हाईत. तो गाळून घेतेत, अन् त्यातल्या कार्बन डायऑक्साइडचं रसायन करतेत. आमी पॉलिमरचा उत्प्रेरक बसवलाय, त्याच्यावरून गेला की वायूचं रसायन होतंय." सिंधूनं पिशवीतून एक बाटली काढली. आत पाण्यासारखं काहीतरी होतं. "ह्यो बघ आजचा धूर."

केसरबाईनं बाटली उजेडात धरली, हलवून बघितली. मग पदर खोचून रस्त्यावर गेली आणि पूर्वीसारखीच ओरडली, "धूर निघला गं!"

घटकाभरानं गल्लीवर खरंच धूर दिसू लागला. चुलींचा.